आठ वाजताचा चंद्र

आई, आज संकष्टी आहे आणि मी गच्चीवर खुर्ची टाकून बसले आहे. परवा डॉक्टरांनी सांगितलं, शुगर असताना हे उपास आता बंद करा. धाकट्याला फोनवर हे कळलं तर तो म्हणाला, "ताई, शेवटच्या संकष्टीले आईचा उपास तूच तं सोडवला होता ना? तिच्या तब्येतीसाठी. मंग सोताचा काहून सोडत नाही?" मी काहीतरी बोलून फोन ठेवला. याचं उत्तर त्याला देण्यासारखं नाही. तुला द्यायला हवं होतं, ते राहून गेलं. दमले आहे, अक्षर वाकडंतिकडं येईल, चालवून घे.

तुला घड्याळापेक्षा चंद्र जास्त कळायचा. बाबा पुढच्या खोलीत मागावर बसलेले, तू मागच्या अंगणात चरख्यावर सूत गुंडाळून त्यांच्यासाठी कांड्या भरतेस, आणि मी तुझ्या बाजूला सुताचा गुंता सोडवते आहे. अमावस्या सरली की तू हात थांबवून मावळतीकडे बोट दाखवायचीस. "पाह्य लवकर, बुडते आता!" मी मान वळवून शोधेपर्यंत ती बारीक कोर समोरच्या कौलांमागे गेलेली असायची. मग रोज तो थोडा जास्त थांबायचा, अष्टमीला दिवे लागायच्या वेळी पार डोक्यावर असायचा. पुनवेला तिकडे सूर्य टेकला की इकडून हा वर. आणि त्यानंतर रोज उशीर. किती उशीर, तर तुझं माप भाताचं होतं: चूल पेटवून हंडीभर भात शिजायला लागतो तेवढा. पुनवेपासून असे चार भात मोजले की संकष्टीचा चंद्र. पुढच्या आठवड्यात तर सकाळी नळावर जाताना अर्धा चंद्र वर पांढराफटक दिसायचा आणि तू म्हणायचीस, "रातपाळी करून आला बिचारा, घरी जाऊन राहिला." मग तो आणखी झिजत जायचा आणि पुन्हा अवस.

नववीत असताना मी तुला शहाणपण शिकवायला गेले होते. कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाची वेळ सव्वानऊची होती. तू नऊलाच पाट मांडून बसलीस आणि मी ताट अडवलं. अजून वेळ झाली नाही, छापलेलं आहे, म्हणाले. तू मला दंडाला धरून अंगणात नेलंस. शेजारच्यांच्या गोठ्यावर तांबूस चंद्र चांगला हातभर वर आलेला होता. "ते मुंबईचं टाइम आहे बाई. आपल्या भंडाऱ्याले अगुदर निघते तो. मुंबईले दिसेपर्यंत मी कायले उपाशी राहू? शाळा शिकली न् वरतं पाहाले इसरली." पुढे गुरुजींनी समजावून सांगितलं की आपण मुंबईच्या बऱ्याच पूर्वेला आहोत, म्हणून अर्ध्या तासाचा फरक पडतो. तू तर शाळेची पायरीही चढली नव्हतीस. मला फार लाज वाटली होती, आणि तुझा अभिमानही.

तुझी शेवटची संकष्टी श्रावणातली. बाबा नव्हते, धाकटा नोकरीच्या गावी. तुला जिना चढवत नव्हता, पण उपास सोडायला तू तयार नव्हतीस. पोरांसाठी धरलेला आहे, म्हणायचीस. मी तुमसरच्या राईस मिलच्या ऑफिसातून एसटीत उभ्याने आले होते. आभाळ भरलेलं. कॅलेंडरात सव्वानऊ, म्हणजे आपल्याकडे पावणेनऊ. आठ वाजता मी जिन्यावरून खाली आले आणि म्हणाले, "निघाला, आई. ढगातून दिसला."

"आठलेच?"

"आपल्याकडे अगुदर निघते ना. तूच तं सांगते."

तू माझ्याकडे बघितलंस. मग ताम्हणात अर्घ्य सोडलंस, दाराकडे तोंड करून हात जोडलेस आणि जेवलीस. पुढची पुनव तू पाहिली नाहीस.

वर्षश्राद्ध झालं आणि मी तुझा उपास धरला. सगळ्यांना वाटलं, आईची परंपरा चालवते आहे. पण मी चंद्र वर आलेला बघून जेवत नाही, आई. तो समोर दिसत असतो आणि मी मुंबईची वेळ होईपर्यंत तशीच बसते. डोळ्यांपुढे अंधारी येते. इतकी वर्षं दर महिन्याला ही शिक्षा मी स्वतःला देते आहे. आता शरीर नाही म्हणतं, आणि तुला विचारल्याशिवाय सोडवत नाही.

कारण धाकट्याला मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. तुझे हाल बघवले नाहीत म्हणून खोटं बोलले, असं मी त्याला सांगितलं. मावशीलाही तेच. दोघांचे डोळे भरून आले, मावशीने तर मला जवळ घेतलं. आमच्यासाठी तू शेवटपर्यंत उपाशी राहायला तयार होतीस, आणि मी त्या दिवशी गच्चीवर गेलेच नव्हते. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले, तिथेच डोकं भिंतीला टेकलं. तुला वाढायचं, भांडी घासायची, पहाटे पुन्हा बस. पाऊण तास वाट बघायची होती फक्त. तुझ्या भुकेचं माझ्या मनातही आलं नाही, आई. मला झोप आली होती.