नवसाचे सिलिंडर

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
तै महिन्याची अखेर, १९९५

सुज्ञ नामदेवराव मेहुणे यांस सूर्यनारायणाचे पोटापासून आशीर्वाद. पापनाशमात सगळी खुशाल असाल. तुमचा गुडघा, भागीरथीबाईंचा खोकला आणि कापणीला आलेलं भात, ज्याचं त्याने धीराने घ्यावं. मी बरा आहे. तुमची अक्का, म्हणजे आमची मंडळी, गेल्या मंगळवारी बॅग घेऊन तुमच्या दारात उतरली, ती चार दिवस माहेरची हवा खायला आले म्हणाली असेल. ती रुसून आली आहे, आणि रुसवा माझ्यावर आहे. तिने परत यावं म्हणून झालं ते सगळं लिहितो. तुम्ही तिला वाचून दाखवा. ती तमिळ वाचते, देवनागरी अक्षराला हिंग लावूनही विचारत नाही, ही मुरुगनदेवाचीच कृपा. कारण कंसातला मजकूर तुमच्यापुरता आहे, तो गाळायचा. (उदाहरणार्थ हा. आठ दिवस दहीभातावर आहे, तोही मित्र तुळजाजीच्या घरून येतो. सकाळी चुकून दोन पेले मांडतो.)

तर जीप. लष्कराच्या लिलावातली, चारही चाकं ओढणारी. आमच्या गावात चढ म्हणावा असा एक रेल्वेचा पूल, त्याला दोन चाकंही पुष्कळ झाली. पण हौसेला मोल नाही. पेट्रोलला मात्र आहे, आणि ही बया पेट्रोल असं पिते की लग्नातले वऱ्हाडी गुलाबपाण्याचा पन्नीर सोडा पीत नाहीत. दिल्लीवाल्यांनी बाजाराची दारं उघडली, खासगी कंपन्यांचा गॅसही मिळू लागला, तेव्हा वेल्डर रघुपतीला गाठून मी तिला गॅसवर घातली. मागे सिलिंडर, मधे नळी, आणि इंजिनापाशी त्याने घडवलेला एक पितळी डबा, जो पूर्वजन्मी कुणाचा तरी कॉफी फिल्टर होता. (कायद्याला हे मंजूर नाही. पहिलं सिलिंडर तर मी सरळ स्वयंपाकघरातून उचललं. तिने दोन दिवस सरपणावर रांधलं आणि शब्द काढला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.)

इथे तुळजाजी मधे आला. तुम्ही ओळखता, पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांची परदेशी मासिकं वाचून विद्वान झालेला. त्याचं म्हणणं, गाडीला शुद्ध प्रोपेन हवा. तिरुच्चीत लोखंड कापायला वापरतात तो. घरगुती गॅसमध्ये प्रोपेनशी ब्यूटेन मिसळलेला असतो, आणि ब्यूटेन म्हणजे थंडी पडली की पांघरूण न सोडणारा जावई. मी म्हटलं, अरे, नुसती चिंच खाववत नाही, नुसती डाळ गिळवत नाही, एकत्र आली की सांबार होतं. आपण तीनशे वर्षं या गावात टिकलो ते मिसळूनच, अर्धं वाक्य मराठी नि अर्धं तमिळ. मग गॅसनेच कसलं सोवळं पाळायचं? हे मी तुमच्या अक्केसमोर बोललो. तिने खिसणी खाली ठेवली आणि म्हणाली, या गॅसला पाळावं लागेल.

कारण नवस. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी ती कोडैकानलच्या वरच्या पूंबारैच्या मुरुगनाला बोलली होती की यांची नजर आली तर तुझ्या दारात येऊन, माझ्या घरच्या शेगडीवर, माझ्या घरच्या गॅसवर तांदूळ-गुळाचं गोड पोंगल करीन, आणि परक्याचं पाणी त्यातल्या कशालाही लागू देणार नाही. (ऑपरेशनाच्या दिवशी मी भ्यालो होतो. नर्स समजून जिचा हात धरला तो तिचाच होता. तिला हे कधी सांगितलं नाही.) मी हिशेबी डोकं चालवलं. एकच सिलिंडर न्यायचं, त्यावर जीप चढवायची, वर गेल्यावर नळी काढून तेच शेगडीला जोडायचं. देवाचं काम आणि शास्त्राचा प्रयोग, एका दगडात दोन्ही. तुळजाजी साक्षीदार म्हणून मागे बसला.

आता सिलिंडर नैवेद्याचं झालं म्हणजे ते मडीत, सोवळ्यात हवं. अक्केने आंघोळ करून, धोतर भिजवून पिळलं आणि सिलिंडरला नेसवलं. वाळलं की घरच्या कळशीतलं पाणी शिंपडायची. आपल्याकडे मडीचं वस्त्र ओलं असावं हे तुम्हाला माहीतच आहे. गॅसला हे कोणी सांगितलं नव्हतं. घाटाच्या पायथ्याशी, वत्तलगुंडूपर्यंत ऊन होतं, जीप गात होती. रात्र तिथेच काढून पहाटे घाट चढलो. पेरुमाळमलैला जीपला उचकी लागली. पूंबारै दोन मैलांवर राहिलं आणि बाईसाहेब बसल्या. मागे जाऊन पाहतो तो धोतर गोठून पापडासारखं कडक, आणि सिलिंडर असं गार की हात चिकटावा.

तुळजाजीचा चेहरा उजळला. प्रोपेन चपळ, तो वाटेतच उडून गेला, म्हणाला. मागे राहिला ब्यूटेन, तो या थंडीत वाफ होईना, आणि वहिनींनी वर त्याला ओल्या कपड्यात गुंडाळलाय. शुद्ध प्रोपेन बर्फातही उठला असता. मी त्याला गप्प केलं आणि ऊब द्यावी म्हणून सिलिंडरला कडकडून मिठी मारली. तुमची अक्का बघत होती. म्हणाली, "चाळीस वर्षांत मला कधी अशी मारली नाहीत." मग तांदळाचं भांडं डोक्यावर घेऊन ती चालत पुढे निघाली, वळणाआड दिसेनाशी झाली.

जवळच चहाची टपरी. टपरीवाल्याने वाफाळतं पाणी बादलीभर दिलं. मी ते सिलिंडरवर ओतलं. ब्यूटेनराव उठले. जीपने पहिल्या झटक्यात हाक दिली आणि आम्ही अक्केला वळणावर गाठलं. तिने दोन्ही हात जोडले, म्हणाली, मुरुगनाने ऐकलं. मी तिचं भांडं उतरवून घेतलं. (पाण्याचं तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तिचा चेहरा असा झाला होता की त्याला हात लावू नये.) पोंगल उत्तम झालं. नैवेद्य झाला. तिने विभूती माझ्या पापण्यांना लावली.

उतरताना तुळजाजीला शास्त्र स्वस्थ बसू देईना. वहिनी, म्हणाला, बादलीभर कढत पाण्याने काय किमया केली पाहिलीत? अक्केने विचारलं, कुठलं पाणी? त्याने टपरीसकट सगळं सांगितलं. घरी आल्यावर मी वाद घातला, पाणी बाहेरून लागलं, गॅस तर आत होता, नवसाला काय बाधा? ती बॅगेत लुगडी घालत होती. एवढंच म्हणाली, "गॅस आत होता, कबूल. पण तुम्हीही ते आतच ठेवलंत."

वडिलांना नमस्कार सांगा, लहानांच्या डोक्यावरून हात फिरवा, गुडघ्याला एरंडेल चोळा.
तुमचा,
सूर्यनारायण

ता. क. पुढच्या मासी महिन्यात नवस पुन्हा फेडू. बसने जाऊ. शेगडी मी मांडीवर घेईन, सिलिंडर तुळजाजी. मडीचं धोतर सुकं चालेल का, तेवढं भागीरथीबाईंना विचारून ठेवा.

ता. क. दुसरा. अक्केच्या बॅगेत, बहुधा निळ्या लुगड्याच्या घडीत, गॅसचा रेग्युलेटर आहे. त्यावाचून इथे शेगडीही पेटत नाही नि जीपही हलत नाही. या पत्राचा खरा हेतू रेग्युलेटर आहे असं ती म्हणेल. म्हणू दे. दोघांपैकी एकच येत असेल तर रेग्युलेटर तिथेच राहू दे.

ता. क. तिसरा. पत्र पुन्हा वाचलं, तिने मुरुगनाकडून मागून आणलेल्या डोळ्यांनी. कंसाबाहेर नुसता गॅस आहे. तेव्हा मेहुणे, उलट करा. तिला कंसातलं तेवढं वाचून दाखवा.