एक छापा, एक काटा

१४ मार्च, दुपार

ताई,

नमस्कार. भाऊजींची कंबर आता बरी असेल. इकडे सगळं ठीक. गणवेशांची शिलाई आलीय, मान वर करायला फुरसत नाही.

तुझा निरोप मिळाला. आईला आता एकटं ठेवायचं नाही, हे मलाही पटतं. ती कोणाकडे राहील ते लहानपणीसारखं दोन नाणी टाकून ठरवू, म्हणतेस. दोन्ही छापे पडले तर माझ्याकडे, एक छापा एक काटा पडला तर तुझ्याकडे, दोन्ही काटे पडले तर परत टाकायची. आईच्या कुशीत कोणी झोपायचं, ते आपण असंच ठरवायचो. बहुतेक वेळा तूच झोपायचीस. मी भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, ताईचं नशीबच थोर.

नशीब कसलं डोंबलाचं! परवा आमच्या चिंगीचा गणिताचा अभ्यास घेत होते. मी छातीठोकपणे सांगितलं, दोन नाणी तीन प्रकारे पडतात, तिन्हींना संधी सारखीच. कार्टी हसली. म्हणाली, "आई, एक-एक दोन तऱ्हांनी पडतं. पहिलं छापा, दुसरं काटा, नाहीतर उलट." म्हणजे एकूण चार. त्यातले दोन तुझे आणि एक माझा! नियम तूच केला होतास. तुला तेव्हा कळत होतं की नाही, देव जाणे. माझा जळफळाट व्हायचा तो झालाच. तुझ्या लांब केसांवर जळले, तुझ्या मोठ्या घरावर जळले, आता तुझ्या नाण्यांवरही.

त्याच तिरीमिरीत आईकडे गेले. म्हटलं, नाणी गेली खड्ड्यात, तूच सांग. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "ताईकडे."

मग माझं तोंड बघून सारवासारव केली. "तुझं घर आणि दुकान एकच, मशीनची खडखड फार," मला म्हणाली. मशीन पुढच्या खोलीत हलवते म्हटलं. ती चष्मा पुसत बसली.

हे तुला कळवणारच नव्हते. तुझा आनंद मला बघवायचा नाही, खोटं कशाला बोलू?

रविवारी ये. नाणी टाकूच. नियमही जुनाच राहू दे, तुझे दोन, माझा एक. आईला गप्प राहायला सांगितलंय. हरले तर नाण्यांनी हरवलं, असं चिंगीला सांगता येईल. आणि चुकून दोन्ही छापे पडलेच, तर मला जरा वेळ जिंकू दे. मग हट्ट करून तिला तूच घेऊन जा.

अजूनही दोन्ही छापे मागणारी,
तुझी धाकटी