भाऊबीजेला आलेल्या मुली

उद्यमनगर, कोल्हापूर
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

पिराजीचा लांबूनच तुझ्या पायांना हात लावून नमस्कार. इकडं सगळी बरी आहेत. तुझी भावजय गुडघ्यांना शिव्या देत का होईना, रोज रंकाळ्याला एक चक्कर मारून येते. कारखान्यात काम जोरात आहे. उसाच्या चरकाचे शाफ्ट इतके आलेत की लेथ थंड व्हायला सवड नाही. तुझ्याकडं थंडी पडली का? वडगावच्या बाजारात चांगली वांगी आली असतील, तुझ्या विजयसिंहाला सांगून थोडी पाठव. इथल्या वांग्यांना चव नाही.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. अक्का, फोनवर मी डोळ्यांचा विषय काढला की तू म्हशीचा काढतेस. म्हशीवरून संयोगिताच्या माहेरावर जातेस, आणि मग "ठेव बाबा, बिल यील" म्हणून आपणच ठेवतेस. फोनला तसलं बिल यायचं कधीच बंद झालं. पत्राला मधे अडवता येत नाही, म्हणून पत्र.

आमचा लेथवरचा आकाराम वडगावहून येऊन-जाऊन करतो, त्याच्या हाती देतोय. अक्षर मुद्दाम जाड मार्करनं, मोठं काढलंय. तरी तू ते सुनेकडूनच वाचून घेणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा संयोगिता, पोरी, तुला सांगतो. मधलं काही गाळू नको, आणि सासूबाई "पुरं कर" म्हणाल्या तरी पुरं करू नको.

श्रावणातली गोष्ट. मी शाफ्ट कसा तपासतो ते तू बघितलं आहेस. बंदुकीसारखा उचलून डोळ्याला लावायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं त्याच्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर पळवायची. मोजायची यंत्रं आली तरी मालकाची नजर फिरल्याशिवाय आमच्याकडून माल बाहेर जात नाही. तर त्या दिवशी एक शाफ्ट मधोमध वाकडा. दुसराही वाकडा. तिसरा तर पोटुशी बाई उभी राहावी तसा. मी आकारामवर तोंड सोडलं.

"लेथ चालवतोयस का नांगर?"

"मालक, सरळ हाय की. डायलचा काटा बी हलंना."

"डायलला काय कळतंय? डायल माझ्या मागनं आलीया."

बिचाऱ्याला मी लेथ खोलून पुन्हा बसवायला लावला. गंमत म्हणजे कानाला सगळं ठीक लागत होतं. लेथवर सरळ शाफ्ट फिरतो तेव्हा त्याचा एक सूर असतो, बाई जात्यावर गुणगुणते तसा, एका पट्टीतला. वाकडा असला की तो अडखळतो. सूर अडखळत नव्हता. ज्या कानांच्या जोरावर मी झाडू मारणाऱ्या पोराचा मालक झालो, त्यांचं त्या आठवड्यात काही ऐकलं नाही.

मग एका सकाळी उजव्या डोळ्यात धूळ गेली म्हणून डावा लावला. तोच शाफ्ट, सुतासारखा सरळ! पुन्हा उजवा लावला, पुन्हा पोट. शाफ्ट खाली ठेवला आणि नुसत्या उजव्या डोळ्यानं शेडकडं बघितलं. लोखंडी खांब पाण्यात उभा असल्यासारखा हलत होता. खांबाला टेकून आकाराम उभा होता. त्याची टोपी, कान, खांदे जागच्या जागी, आणि तोंडाच्या जागी धुकं. पहाटे पंचगंगेवर असतं ना, तसलं. तुला खरं सांगतो, भीती नंतर वाटली. आधी वाटलं, किती शांत दिसतंय सगळं.

दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं झाकून घेतो, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. मी काय केलं असेल? चष्मा बदलला. मग घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, चहावाल्यानं सांगितलं, मोतीबिंदू असणार, पिकू दे, मग काढू. मीही पिकायची वाट बघत बसलो. गणपती गेले तेव्हा कुठं डॉक्टरबाईंकडं गेलो. वयानं नातीसारखी आहे, पण हुशार. तिनं डोळ्यात औषध घातलं, पडद्याचा फोटो काढला आणि म्हणाली,

"काका, हा मोतीबिंदू नाही. तो पुढच्या भिंगावर असतो. हे मागच्या पडद्याचं दुखणं आहे. पडद्याच्या अगदी मधोमध, जिथनं आपण चेहरा बघतो, अक्षर वाचतो, तिथं वयानं झीज होते. तुमच्या उजव्या डोळ्यात तिथं कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाणी झिरपलंय."

"म्हणजे भिंतीत ओल शिरून गिलावा फुगावा तसं?"

"अगदी तसंच. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. आणि काका, हे पिकत नाही. वाट बघितली की वाया जातं."

उपाय काय, तर डोळ्यात सुई. हो, डोळ्यातच. दर महिन्याला, मग सुधारेल तसं अंतर वाढवायचं. पहिल्या दिवशी मला टेबलावर आडवं केलं तेव्हा ती म्हणाली, "घाबरलाय का काका?" मी म्हटलं, "घाबरलो न्हाई, दार कुठं हाय तेवढं बघून ठेवतोय." हसली. थेंब टाकून डोळा बधिर केला, आणि मी वर छताकडं बघत असताना सुई कधी आली, कधी गेली, नुसतं कुणी बोट टेकवल्यासारखं वाटलं. मग डोळ्यात काळे गोल थेंब तरंगू लागले, हौदात तेल सांडल्यावर तरंगतात तसे. संध्याकाळी विरघळले. तीन सुया झाल्या. खांब जवळजवळ सरळ झाला. धुकं मात्र पुरतं गेलं नाही. मी पहिल्याच आठवड्यात गेलो असतो तर गेलं असतं कदाचित. डाव्या डोळ्यातही झीज आहे, पण सुकी. तिला सुई नाही, गोळ्या आहेत, बिडी कायमची बंद आहे, आणि रोज एक डोळा झाकून रेघा वाकल्या का ते बघायचं आहे.

हे सगळं मी तुला सांगितलं नव्हतं. अजून एक गोष्ट आहे, ती तर तुझ्या भावजयीलाही सांगितली नव्हती.

उजव्या डोळ्यातल्या त्या धुक्यात चित्रं येतात. सकाळी डावा डोळा उशीत दडलेला असला की दिसतात. एकदा आपल्या हातकणंगल्याच्या शेतातला ऊस तुऱ्यावर आलेला दिसला, वारा नसताना डुलत होता. एकदा पिवळी टोपी घातलेली लहान पोरं ओळीनं भिंतीतून चालत गेली. आवाज नाही. माझ्यासारख्या माणसाला हेच आधी खटकलं, इतकी पोरं आणि चपलेचा आवाज नाही! मला वाटलं, डोकं फिरलं. मुठीत धरावं तसं मनात धरून बसलो. शेवटी डॉक्टरबाईंना विचारलं. ती म्हणाली, मेंदू शाबूत असतो, डोळा मधलं दाखवत नाही, तेव्हा मेंदू रिकाम्या जागी आपली चित्रं भरतो. पुष्कळांना होतं. कुणी सांगत नाही, वेडं म्हणतील म्हणून.

आता अक्का, भाऊबीज.

तुझ्या घरच्या पुढच्या सोप्यात पाटावर मी बसलो, तू ताट घेऊन समोर आलीस. तुझ्या बांगड्यांचा आवाज माझ्या कपाळाकडं आला आणि मधेच थांबला. पुन्हा डावीकडं गेला, पुन्हा थांबला. मग कुंकू माझ्या भुवईवर लागलं. सगळी हसली, "आजी, मामाआजोबाला तिसरी भुवई काढली की!" तूही हसलीस. मी हसलो नाही, कारण तुझं हसू मला ऐकू आलं, आणि ते दाताच्या मागून आलं होतं. त्याआधी मी दारात उभा राहिलो, मुद्दाम काही बोललो नाही, तर तू माझ्याकडं तोंड करून म्हणालीस, "कोण पावणं?" मी "अक्का" म्हटल्यावर मग म्हणालीस, "अगं बाई, पिऱ्या! उन्हात उभा हाईस, म्हणून." ऊन तुझ्या पाठीमागनं येऊन माझ्या तोंडावर पडलं होतं.

आणि ओवाळताना, ताट खाली घ्यायच्या आधी, अगदी हळू म्हणालीस, "सरा गं पोरींनो बाजूला, ज्योत लागंल."

सोप्यात पोरी नव्हत्या. संयोगिता आत चुलीपाशी होती. बाकीची तोवर अंगणात फटाक्यांकडं पळाली होती, कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

किती आहेत गं त्या? तुझ्याकडं कधीपासनं येतात? परकर घालून येतात का? लाजू नकोस. तुझ्या अंगात काही आलेलं नाही, तुला कुणी काही केलेलं नाही आणि तू वेडी तर मुळीच नाहीस. माझ्याकडं पिवळ्या टोप्यांची पोरं येतात, तुझ्याकडं मुली येतात, एवढाच फरक. पण त्या आल्या आहेत म्हणजे तुझ्या डोळ्यांच्या मधोमध बरीच जागा रिकामी झाली आहे. आणि तू माझ्यासारखीच मोतीबिंदू समजून तो पिकायची वाट बघत बसली आहेस.

संयोगिता, इथं थांब. अक्काला खिडकीसमोर उभी कर. एक डोळा तळहातानं झाकायला सांग आणि विचार, गज सरळ आहेत का. मग दुसरा डोळा. "दिसतंय की" एवढ्यावर सोडू नको, कुठला गज, कुठं वाकलाय, ते विचार.

डॉक्टरबाईंनी मला विचारलं होतं, घरात आणखी कुणाला होतं का, हे रक्तातून येऊ शकतं. मी ऐटीत नाही म्हणालो. जिना उतरताना आपले आबा आठवले आणि मी पायरीवरच बसलो.

आईच्या शेवटच्या आजारात तुला यायला उशीर झाला. त्यानंतर तू माहेरी आलीस की आबा तुझ्याकडून तोंड फिरवायचे, तुळशीकडं बघत बसायचे. तू दर वेळी डोळे पुसत वडगावची गाडी धरलीस. त्यांच्या तेराव्याला मला म्हणालीस, "आबांनी शेवटपर्यंत माझ्याकडं नीट बघितलं न्हाई." माझ्याकडंही बघत नव्हते, पण मी कामाच्या नादात होतो, मला टोचलं नाही.

आज मी सांगतो काय होतं ते. मधोमध धुकं असलं की समोरच्याचं तोंड समोर बघून दिसत नाही. थोडी मान वळवावी लागते, दुसरीकडं बघावं लागतं, मग तो चेहरा कडेनं हळूच उगवतो. मी घरात तुझ्या भावजयीला असाच बघतो, उजवा डोळा एकटा करून, चोरून. आबांना कुणी दवाखान्यात नेलं नाही, म्हातारपण म्हणून सोडून दिलं. मी काही त्यांचा पडदा बघितलेला नाही. पण माझी खात्री आहे. तू आलीस की ते तुळशीकडं तोंड करायचे, ते तुला बघायला.

गुरुवारी सकाळी मी येतोय. गाडी आकाराम चालवेल, भिऊ नको. डॉक्टरबाईंशी बोलून ठेवलंय. सुकं असलं तर सुई नाही, ओलं असलं तर त्याच दिवशी ठरवू. गेलेलं सगळं परत येईल असं खोटं सांगणार नाही. राहिलंय ते राखता येईल. मुलींनाही बरोबर घे, गाडीत जागा आहे.

मी तुझ्या शेजारी बसेन आणि तोंड खिडकीकडं करेन. राग मानू नकोस. तूही तुझ्या बाजूच्या खिडकीकडं वळ. दोघं एकमेकांवर रुसल्यासारखे बसू आणि वडगावपासून कोल्हापूरपर्यंत एकमेकांना बघत येऊ.

कडेनं अजून शाबूत असलेला,
तुझा पिऱ्या