बंगळूर, कौल न लावता

बाबा,

कुळथाची पिठी झाकून ठेवली आहे, आल्यावर गरम करून घ्या. आई झोपली आहे. तिची दुपारची गोळी दिली आहे, परत देऊ नका.

तुम्ही गावच्या देवळात माझ्यासाठी कौल लावायला गेलात, हे तिनेच सांगितलं. देवाच्या उजव्या बाजूचं फूल पडलं तर पुणे, डाव्या बाजूचं पडलं तर बंगळूर. पण मी कालच बंगळूरला हो कळवलंय. काम तिथलं चांगलं आहे. काकांचं घर आहे एवढ्यासाठी मी पुण्याला जाणार नाही. आता मिरजोळ्याच्या कंपनीत राजीनामा द्यायला चाललेय.

माझ्या कॉलेजच्या वेळी उजवं फूल पडेपर्यंत तुम्ही गुरवांना तीनदा कौल लावायला लावलात, ते मी विसरले नाही. आणि दादा मस्कतला गेला तेव्हा देवाला विचारायची कोणाला गरजच वाटली नव्हती.

पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला संध्याकाळी माझी गाडी आहे. विचारायचंच असेल तर मला स्टेशनवर सोडायला यायचं का, ते देवाला विचारा.

डावं पडलं तरी या.

मनस्विनी