नानांचं कुंकू

रविवार, संध्याकाळ. देवपूर, धुळे.

नानांचा, माझ्या वडिलांचा, कॉम्प्युटर आज सुरू झाला. आनंद व्हायला हवा होता.

ते गेल्यापासून तो अर्ध्यातच अडकायचा, म्हणून पेनड्राइव्हवरून नवीन सिस्टीम टाकायची ठरवलं. आतली हार्ड डिस्क दुकानात नेऊन तिच्यातले फोटो आधी काढून घेतले. एकही सुटला नाही, परत परत पाहिलं.

पण पेनड्राइव्ह आत जाईना. मागच्या खाचा कधीच्या बंद, आणि पुढच्या खाचेत कुंकू घट्ट बसलेलं. दर दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा झाली की नाना याच्याही तोंडावर कुंकवाचं ओलं बोट दाबायचे, नेमकं तिथेच. जुन्या ब्रशने घासघासून साफ केलं. सिस्टीम चढली.

आईला हौसेनं बोलावलं. तिने स्क्रीनकडे पाहिलंच नाही.

"पुसी टाकं का वं? त्यासना हातनं कुकू व्हतं ते."

फोटो वाचवले म्हणून केवढी खूश होते मी! आणि बोट? ते कसं दिसलं नाही मला?

मग तिने देवघरातला करंडा माझ्यापुढे सरकवला. "तू लाई दे."

नाही लावलं. कुणाचं बोट लावू?

ब्रश अजून धुतलेला नाही. त्याचे केस लाल आहेत.