माझं धुराडं आणि आल्बीचा पाइप

नोले, आठवडाभर माझ्या शेगडीपुढे पाय पसरून शेकत बसलीस, कोकराचं मटण दोनदा मागून घेतलंस, आणि क्वीन्सलंडला पाय टेकल्या टेकल्या माझ्या पोराला, क्लाइडला, फोन करून सांगितलंस की तुझ्या आईचं धुराडं एक दिवस घराला काडी लावणार? चहाड्यांची खोड तुझी लहानपणापासूनची. पण तेव्हा निदान आई होती, एखादा धपाटा तुझ्याही पाठीत बसायचा.

असो. थोरलीचे आशीर्वाद घे. कंबर कशी आहे? केनच्या गुडघ्याचं कळवू नकोस, ते तुझा नवरा स्वतःच साऱ्या जगाला कळवतो. इथे सकाळी नळ गोठलेला असतो आणि डोंगर पांढरा. माझी तब्येत ठणठणीत आहे (क्लाइडने विचारलं तर हेच सांगायचं).

तर तुझ्या फोनाचा प्रताप ऐक. लगेचच्या रविवारी क्लाइड होबार्टहून मोजपट्टी घेऊन हजर. म्हणे शेगडी काढू आणि भिंतीवर गरम वारा फुंकणारं विजेचं खोकं लावू. मी म्हटलं, वादळात तारा तुटल्या की काय करू, खोक्याला मिठी मारू? (मागच्या हिवाळ्यात वीज गेली तेव्हा अर्धा रस्ता माझ्याकडे चहाला होता, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी हीच खोकी आहेत.) त्यावर पठ्ठ्या शेगडीच्या काचेच्या दारावर बोट फिरवून मला काळं बोट दाखवतो. "आई, बाबा होते तेव्हा ही काच कधी अशी असायची का?" खरं होतं, नसायची. शेवटी ठरलं ते असं, की आता एकदा धुराडं झाडून घ्यायचं, आणि हिवाळा सरला की त्याने येऊन पुन्हा ब्रश घालून बघायचं. जाड काजळी निघाली तर शेगडी भंगारात. आणि शेगडी गेली की मागोमाग मलाही होबार्टला न्यायचा त्याचा बेत आहे, हे मी त्याच्या बायकोच्या गोड बोलण्यावरून ओळखलं.

तो गेल्यावर रागापेक्षा मला नवलच जास्त वाटायला लागलं. शेगडी तीच, लाकूड तेच, बाई तीच, मग ही काजळी येते कुठून? तुझ्यासारखी मी शाळेत फार टिकले नाही, सफरचंदं खुडायला गेले. पण डोळे आहेत. आधी संशय लाकडावर घेतला. दोन ओंडके एकमेकांवर आपटले, तर खणखणीत वाजले. ओलं लाकूड असं वाजत नाही, भद्द करतं. मग डेसमंडला विचारलं. (पलीकडच्या बागेतला, ज्याला बघून तू केस सारखे करत होतीस, तो.) तो म्हणाला, बटाट्याची सालं जाळा, काजळी आपोआप सुटते, आमची आजी हेच करायची. आता सालं हवीत म्हणजे बटाटे आलेच. सकाळी बटाटे, दुपारी बटाटे, संध्याकाळी बटाटे. मी फुगले, काच काळीची काळीच. डेसमंडला म्हटलं, तुझ्या आजीचं धुराडं कधी पेटलं होतं का रे? तर डोकं खाजवत म्हणतो, "दोनदा. पण सालांचा त्याच्याशी संबंध नाही हो, व्हर्नामावशी."

मग त्याला चढवला छपरावर. शिडी मी धरली, हुकूमही मीच सोडत होते. त्याला वाटलं होतं वर पाखराचं घरटं निघणार, घरटं कसलं! ब्रश घातल्यावर खाली पडल्या त्या काळ्याकुळकुळीत चकचकीत खपल्या, करपलेल्या मुरंब्यासारख्या. डेसमंड फेकायला निघाला होता, मी एक ठेवून घेतली. फोडून बघितली, हुंगून बघितली, (चाखली नाही, तेवढी म्हातारी झाले नाही) आणि शेवटी निखाऱ्यावर टाकली. तर बाई, भडकन पेटली! तेव्हा डोक्यात उजेड पडला. ही काजळी म्हणजे न जळलेलं लाकूडच की. शेगडीत जळायचं ते नुसतं धुमसतं आणि धूर होऊन वर जाऊन चिकटतं.

पण धुमसतं का? त्या संध्याकाळी माझ्या आल्बीचा जुना कोट चढवून अंगणात उभी राहिले. माझी नेहमीची रीत तुला ठाऊक आहे: झोपायच्या आधी निखाऱ्यांवर मोठा ओंडका ठेवायचा, हवेची खिटी पुरती ओढून बंद करायची, म्हणजे विस्तव सकाळपर्यंत टिकतो. तशी बंद केली आणि बाहेर येऊन बघितलं, तर धुराड्यातून मेंढीच्या लोकरीसारखा धूर. आत जाऊन खिटी उघडली, पुन्हा बाहेर. असं इतकं आत-बाहेर केलं, की डेसमंड कुंपणावरून विचारतो, मावशी, काही हरवलं का? ओंडका चहूबाजूंनी काळा पडून तडकला, तेव्हा कुठे धूर विरला. मग खिटी अर्धी ओढली. सकाळी राख सारली तर खाली लालबुंद निखारे, आणि काच अशी की तिच्यात माझं तोंड दिसलं. (हा काही फायदा नव्हे.)

आणि तेव्हा आठवलं. आल्बी रोज ओंडका ठेवून खुर्चीत पाइप ओढत बसायचा. मी आतून ओरडायचे, लाकूड फुकट जाळतोस, ये झोपायला! तो म्हणायचा, "आलोच." पाइप संपला की खिटी अर्धी ओढायचा आणि यायचा. मी समजत होते माणूस आळशी आहे. इतकी वर्षं शेजारी झोपला, मेल्याला एकदा सांगता आलं नाही?

काम झालं, आता मला कोणाची गरज नाही. तुझी बहीण, व्हर्ना.

ता. क. एक गोष्ट राहिली. मी पाइप ओढत नाही, आणि शेगडीपुढे बसलं की माझा डोळा लागतो. परवा ओंडका ठेवला, खिटी उघडी टाकली आणि खुर्चीतच घोरायला लागले. जाग आली तेव्हा धुराडं तडतड वाजत होतं, शेगडीवरची पुडिंगची थाळी कोळसा झाली होती, घर तुमच्या क्वीन्सलंडसारखं तापलं होतं, आणि सकाळसाठी एक निखारा उरला नव्हता. क्लाइडला यातलं अक्षर कळता कामा नये.

ता. क. दुसरा. तेव्हा हिवाळा सरेपर्यंत रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की मी ओंडका ठेवून तुला फोन लावणार. बोलायला काही नसलं तर भांडू, पण एक पाइप ओढून होईपर्यंत मला जागं ठेवायचं. फोन तूच उचलायचा. केनने उचलला आणि गुडघा सुरू केला, तर मी तिथेच झोपेन.