पोटरीवरचं खळं

मंगळवार, दिवेलागण

बायकोचा ताप उतरला, गुडघे मात्र ठणकतातच. पोटरीवर गोचीड चावली तिथं, चंद्राला पडतं तसं लाल खळं उठलंय. डॉक्टरांना लाइम नावाच्या आजाराचा संशय. रिपोर्ट ‘नाही’ म्हणतो. म्हणाले, "इतक्या लवकर रक्तात सापडेलच असं नाही. गोळ्या चालू ठेवा, पुन्हा तपासू." मग खरं काय मानायचं?

देवीला कौल लावावा म्हणून फूल उचललं. उजवं पडलं तर आजार आहे. ती अंथरुणातूनच म्हणाली, "आवो, मशीनला कळंना, त्या देवीला कशापायी कोड्यात टाकता? त्यापरीस गुडघं शेका."

फूल नुसतंच वाहिलं. गोळी दिली, गुडघे शेकले. खळं कालच्यापेक्षा फिकट वाटलं. की दिव्याच्या उजेडामुळं? कुणालाच विचारलं नाही.